नृत्यातील खरेखोटे

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण आपणां सर्वांना ठाऊक आहे. उत्तर चुकले असता जो विद्यार्थी प्रश्नपत्रिकेला दोष देतो, त्याला ती आम्ही अनेकदा ऐकविलीही आहे. परंतु या म्हणीत एक गंमत आहे, तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. म्हणीतला मनुष्य खोटे बोलतो ते तोंडाने; त्याचे पाय मात्र खरे तेच सांगतात. अंगण सरळ आहे आणि आपणांस नाचता येत नाही, ही गोष्ट त्याच्या पायांनी आधीच जाहीर केलेली असते. नाच आणि खरेपणा यांचे काही जवळचे नाते आहे, हे म्हण करणाऱ्याने ओळखले असले पाहिजे. हे नाते कोणते? नाचणारा मनुष्य नाचता नाचता खोटे बोलू शकतो काय? आणि बोलत असल्यास ते ओळखावे कसे? या प्रश्नांचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

सोंग आणि ढोंग

प्रथम एक शंका दूर केली पाहिजे. नृत्यात सोंग असते. दिवसा भात झोडणारा शेतकरी रात्री रावण होतो, शाळेतली मुलगी राधा होते. मग सारे नृत्य हेच मुळी असत्य नव्हे काय?

सिल्वासा येथील आदिवासी संग्रहालयात मांडलेले मुखवटे आपण पाहिले असतील. काचेपलीकडे ते मुके वाटतात, कारण ते आपल्या घरी नाहीत. आपल्या दादरा आणि नगर हवेलीतील कोकणा समाजाचा भवाडा, आणि सीमेपलीकडे जव्हार-मोखाड्याच्या बाजूस ज्याला बोहाडा म्हणतात तो उत्सव, हे मुखवट्यांचे खरे घर होय. रात्री संबळ वाजू लागतो, मशालींच्या उजेडात गणपती येतो, आणि मग देव, दैत्य, राक्षसी अशी सोंगे एकामागून एक नाचत येतात. मुखवट्याआड कोण आहे हे गावातील पोरासोरांनाही चालीवरून कळते. तरीही गणपती समोर आला की म्हातारी माणसे हात जोडतात. ती फसली आहेत काय? मुळीच नाही. मुखवट्याआड आपल्याच आळीतील मनुष्य आहे हेही त्यांना ठाऊक असते, आणि या क्षणी तो गणपती आहे हेही ती मान्य करतात. तळकोकणातील दशावतार पाहणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो. रात्रभर मुकुट घालून राज्य करणारा नट सकाळी आपलाच पेटारा डोक्यावर घेऊन पुढल्या गावची वाट धरतो. पण म्हणून त्याचे रात्रीचे राज्य खोटे होते, असे कोणी म्हणत नाही.

सोंग आणि ढोंग यांत फरक आहे तो हाच. सोंग दोघांना ठाऊक असते, घेणाऱ्याला आणि पाहणाऱ्यालाही. ढोंग एकालाच ठाऊक असते आणि दुसरा त्यात फसतो. परीक्षेच्या सकाळी पोटात दुखत असल्याचा जो अभिनय काही घरांतून होतो, त्याला आपण सोंग म्हणतो खरे. परंतु वरील व्याख्येप्रमाणे ते ढोंगच ठरेल.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात हाच विचार वेगळ्या शब्दांत आला आहे. लोकव्यवहारात घडते तसेच दाखविणे ही लोकधर्मी रीत, आणि संकेताने सुचविणे ही नाट्यधर्मी रीत. रंगभूमीवर चार पावले चालले की मनुष्य एका नगरातून दुसऱ्या नगरात पोहोचतो. तेथे नदी नसते. नर्तकीचे हात नदी होतात. यास कोणी असत्य म्हणत नाही, कारण हा संकेत सर्वांनी मिळून मानलेला आहे.

मग नृत्यात खोटेपणा शिरतो तो कोठून? याचे उत्तर शोधताना आम्हांस आमच्या मातृभाषेतील एक शब्द उपयोगी पडतो. कोंकणीत असत्याला ‘फट’ म्हणतात. मराठीत फट म्हणजे दोन फळ्यांमधली मोकळी जागा, दाराची भेग. व्युत्पत्तीची चर्चा येथे नको. आम्ही केवळ हे दोन अर्थ शेजारी शेजारी ठेवतो. ज्या दोन गोष्टी एकमेकींस लागून असावयास हव्यात त्यांच्यामध्ये अंतर पडले म्हणजे नृत्यात खोटेपणा शिरतो. अशा तीन फटी आम्हांस दिसतात.

पहिली फट : अंग आणि मन

नाट्यशास्त्राने अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत. शरीराच्या अवयवांनी होतो तो आंगिक, वाणीने होतो तो वाचिक, वेष-भूषणांनी होतो तो आहार्य आणि चौथा सात्त्विक. या चौथ्याचे वैशिष्ट्य असे की तो मनाच्या एकाग्रतेवाचून साधत नाही. स्तंभ म्हणजे जागच्या जागी खिळून जाणे, स्वेद म्हणजे घाम, रोमांच, स्वरभंग, वेपथु म्हणजे कंप, वैवर्ण्य म्हणजे चेहऱ्याचा रंग उतरणे, अश्रू आणि प्रलय म्हणजे शुद्ध हरपणे, असे आठ सात्त्विक भाव मोजले आहेत. हात उचलावा म्हटले की उचलता येतो. परंतु अंगावर काटा आणावा म्हटले तर तो येत नाही. मन त्या भावात शिरले तरच शरीर साक्ष देते. चारांपैकी तीन प्रकार शिकवून येतात. चौथा आत काही असेल तरच येतो.

गेल्या शतकातील नव्या नृत्याच्या प्रवर्तकांत अमेरिकेतील मार्था ग्रॅहम (1894–1991) यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचे वडील मनोविकारांवर उपचार करणारे डॉक्टर होते. माणसाची हालचाल खोटे बोलत नाही, असे ते मुलीला सांगत आणि तिने काही लपविले तर तिच्या अंगाच्या ठेवणीवरूनच ओळखीत, ही आठवण ग्रॅहम यांनी नमूद केली आहे. वडिलांचे हे सांगणे त्यांनी आयुष्यभर आपल्या नृत्याचा पाया मानले. शिक्षकांना यात नवल वाटणार नाही. ‘गृहपाठ केला आहे, वही घरी राहिली’ असे तोंड सांगत असते, तेव्हा पायाचा अंगठा जमिनीवर वेगळीच अक्षरे गिरवीत असतो!

तथापि हे सूत्र अर्धेच खरे आहे. सामान्य माणसाचे शरीर खोटे बोलत नाही, कारण त्याला ते जमत नाही. नर्तकाचे शरीर मात्र शिकलेले असते. वर्षानुवर्षांच्या सरावाने त्याच्या चेहऱ्यावर हुकमी हास्य उमटते आणि हुकमी शोकही उमटतो. म्हणजे खोटे बोलण्याचे सामर्थ्य सर्वांत अधिक नर्तकाच्याच अंगी असते. यामुळे खरे राहण्याची जबाबदारीही त्याच्यावरच अधिक पडते. पाठ केलेली मुद्रा बिनचूक असूनही आपण कधी कधी कंटाळतो, आणि एखाद्या लहान मुलीचा चुकत-माकत केलेला नाच पाहून डोळे भरून येतात. पहिल्या ठिकाणी अंग आणि मन यांत फट असते, दुसऱ्या ठिकाणी ती नसते.

दुसरी फट : नृत्य आणि काळ

आता एका अशा प्रसंगाकडे वळू की ज्यात अंग खरे होते, मन खरे होते, हेतूही चांगला होता, आणि तरीही फट पडली. हा प्रसंग ज्यांच्या आयुष्यात घडला त्या आपल्या शेजारच्याच होत. आधुनिक भारतीय नृत्यात ज्यांचे नाव आदराने घेतले जाते त्या चंद्रलेखा यांचा जन्म 6 डिसेंबर 1928 रोजी वाडा येथे झाला. हे गाव त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते, आता पालघर जिल्ह्यात आहे. त्यांचे घराणे गुजराती, वडील डॉक्टर. कायद्याचे शिक्षण अर्धवट सोडून त्या मद्रासला गेल्या आणि गुरू एल्लप्पा पिळ्ळै यांच्याकडे भरतनाट्यम शिकू लागल्या.

शिक्षण पुरे झाल्यावर शिष्येने प्रथमच रंगमंचावर नृत्य सादर करावयाचे, या सोहळ्यास अरंगेट्रम म्हणतात. चंद्रलेखांचे अरंगेट्रम 1952 साली झाले. त्या वर्षी रायलसीमेत दुष्काळ होता आणि हा कार्यक्रम दुष्काळनिवारणाच्या निधीसाठी होता. ‘मथुरानगरिलो’ या तेलुगू पदावर त्या अभिनय करीत होत्या. यमुनेचे भरलेले पात्र, सख्यांची जलक्रीडा, पाण्याची समृद्धी, हे सारे हातांनी आणि डोळ्यांनी दाखवावयाचे होते. नाचता नाचता त्यांना एकाएकी वृत्तपत्रांतील छायाचित्रे आठवली : भेगाळलेली जमीन, आणि हातात लहान डबे घेऊन पाण्यासाठी लांबलचक रांगेत उभी असलेली माणसे. त्या जागीच थिजल्या. ज्यांना पाणी नाही त्यांच्यासाठी आपण पाण्याचा विलास दाखवीत आहोत! त्या क्षणी आपण दुभंगून दोन माणसे झालो, असे त्यांनी पुढे सांगितले आहे.

विद्यार्थिमित्रहो, या क्षणाचा बारकाईने विचार करा. येथे खोटे कोण बोलले? हातांनी दाखविलेले पाणी खोटे नव्हते. तो तर शास्त्रमान्य संकेत. पद जुने व सुंदर होते. निधीही खराच दुष्काळग्रस्तांना जावयाचा होता. प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी खरी असूनही नृत्य आणि काळ यांच्यामध्ये अंतर पडले होते. ते इतर कोणाच्या ध्यानात आले नसेल; नर्तकीच्या शरीराने मात्र ते ओळखले. आठ सात्त्विक भावांपैकी पहिला जो स्तंभ, तो येथे न बोलावता आला, आणि तो पदाच्या नायिकेचा नव्हता, स्वतः चंद्रलेखांचा होता.

दुसरी एखादी कलावती हा क्षण विसरून गेली असती. चंद्रलेखांनी तो जन्मभर जवळ बाळगला. 1960 साली त्यांनी ‘देवदासी’ ही रचना केली. पुढे अनेक वर्षे त्या रंगमंचापासून जवळजवळ दूरच राहिल्या. लेखन, भित्तिपत्रके, स्त्रियांच्या व मानवी हक्कांच्या चळवळी यांत त्यांनी तो काळ घालविला. 1985 साली ‘अंगिका’ ही त्यांची रचना रंगमंचावर आली. 1952 ते 1985, म्हणजे तेहतीस वर्षे! ‘अंगिका’त भरतनाट्यमबरोबरच केरळातील कळरिपयट्टू ही युद्धविद्या आणि योगासने एकत्र आली. देवादिकांच्या कथा, कृतक हास्य, दागिन्यांचा भार यांना फाटा दिला गेला; उरले ते माणसाचे शरीर, त्याचा कणा आणि त्याचा श्वास. 1989 साली त्यांनी भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर नृत्यरचना केली. भास्कराचार्यांचा जन्म 1114 चा आणि ‘लीलावती’ 1150 ची. खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे त्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचा शिलालेख आहे. भुंगे, कमळे, हंस यांच्यावरील गणिते नृत्यात आणण्यात एक मोठी सोय आहे : गणितात ढोंग चालत नाही; उत्तर बरोबर तरी येते, नाही तर चुकते. 2004 साली संगीत नाटक अकादमीने चंद्रलेखांना आपले अधिछात्रपद, म्हणजे आपला सर्वोच्च सन्मान दिला. 30 डिसेंबर 2006 रोजी चेन्नई येथे त्यांचे निधन झाले.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. जुने नृत्य खोटे आणि नवे तेवढे खरे, असा याचा अर्थ नव्हे. दागिने काढून ठेवणे हीसुद्धा एक पद्धत होऊन बसू शकते, आणि दुसऱ्याने काढले म्हणून आपणही काढले तर तेही ढोंगच. चंद्रलेखांपासून घ्यावयाचा धडा वेगळा आहे. आपण नाचत असताना बाहेर काय चालले आहे याची जाणीव अंगात असावी. आणि फट दिसली की तिच्यावर टाळ्यांचा गिलावा न मारता ती का पडली याचा शोध घ्यावा, मग त्याला तेहतीस वर्षे का लागेनात.

तिसरी फट : नृत्य आणि माणसे

नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात एक मार्मिक कथा आहे. इंद्राच्या ध्वजमहोत्सवात पहिला नाट्यप्रयोग झाला. विषय होता देवांनी दैत्यांवर मिळविलेला विजय. देव प्रसन्न झाले. परंतु प्रेक्षकांत दैत्यही बसले होते. ते रागावले आणि विघ्नांच्या साहाय्याने त्यांनी नटांची वाणी, हालचाल आणि स्मृती जागच्या जागी थिजविली. इंद्राने ध्वजाच्या काठीने विघ्नांना झोडपले. पुढे प्रयोगाच्या रक्षणासाठी नाट्यगृहही बांधण्यात आले. तरी प्रश्न उरलाच. अखेर ब्रह्मदेवाने दैत्यांना जवळ बोलावून त्यांचे म्हणणे ऐकले. देव जसे तुमच्यापासून झाले तसे आम्हीही झालो, मग आमचीच अशी अवहेलना का, ही त्यांची तक्रार होती. नाट्य हे केवळ तुमचे नाही, केवळ देवांचेही नाही, ते तिन्ही लोकांच्या भावांचे आहे, असे सांगून ब्रह्मदेवाने त्यांची समजूत घातली. या कथेत देव कोण व दैत्य कोण हे आम्हांस महत्त्वाचे वाटत नाही. महत्त्वाचे हे की ज्यांचे सोंग आणले ते प्रेक्षकांत बसलेले असतात, आणि त्यांना विचारण्याचे मात्र राहून गेलेले असते.

ही कथा आम्ही पुस्तकात वाचली होती. तिचा अर्थ आम्हांस एका विद्यार्थ्याने शिकविला.

काही वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनासाठी आम्ही तारपा नृत्य बसविले. वेळ सहा मिनिटांची मिळाली. संगीत ध्वनिमुद्रित होते. मुलांच्या कमरेला पाने, डोक्याला पिसे आणि गालांवर पांढरे ठिपके, असा वेष आम्हीच योजिला. चित्रपटांतून आदिवासी म्हणून जो वेष आपण पाहतो तोच. मुलांची तोंडे प्रेक्षकांकडे यावीत म्हणून वर्तुळ मोडून आम्ही अर्धवर्तुळ केले. टाळ्या पुष्कळ मिळाल्या. नाचणाऱ्यांत वारली समाजातील नववीचा एक विद्यार्थी होता. त्याचे आजोबा पाड्यावरून मुद्दाम नाच पाहावयास आले होते. दुसऱ्या दिवशी तो मुलगा आम्हांस म्हणाला, “बाई, आजा विचारत होता, हा नाच कुठल्या लोकांचा?”

या प्रश्नात टोमणा नव्हता. म्हाताऱ्याला खरोखरच ओळख पटली नव्हती.

आम्ही त्या मुलाला विचारले, चुकले काय? तो बराच वेळ बोलेना. मग म्हणाला, “आमच्याकडे नाचताना कोणी लोकांकडे बघत नाही, बाई. तारप्याकडे बघतात.”

या एका वाक्यात सारे शास्त्र होते. भोपळा, बांबू आणि ताडाची पाने यांपासून केलेला तारपा फुंकणारा मध्ये असतो. नाचणारे एकमेकांच्या कमरेभोवती हात घालून साखळी करतात आणि त्याच्याभोवती फिरतात; त्याला पाठ दाखवीत नाहीत. वारली चित्रांतील ते सुप्रसिद्ध वेटोळे ते हेच. त्याने सूर बदलला की पावले बदलतात. नाचणारे दमले की त्यालाही दिसते. ध्वनिमुद्रण कोणाकडेही पाहत नाही. आम्ही मध्यावरचा जिवंत माणूस काढून टाकला होता आणि त्याच्या जागी प्रेक्षकांना बसविले होते. ज्यांचा नाच त्यांनाच तो ओळखू येऊ नये, याहून मोठी फट ती कोणती? आणि ते सोंगही नव्हते. कारण प्रेक्षकांतील बहुतेकांनी तो नाच खराच समजून घरी नेला.

पुढल्या पावसाळ्यात त्या मुलाला बरोबर घेऊन आम्ही पाड्यावर गेलो आणि आजोबांना तारपा वाजवून दाखविण्याची विनंती केली. त्यांनी नकार दिला. “आता नाही, बाई. भात घरात येऊ द्या,” एवढेच ते म्हणाले. शेतात पीक उभे असताना तारपा वाजवावयाचा नाही, हा त्यांचा नेम. म्हणजे नृत्य आणि काळ यांत फट पडू नये याची काळजी त्यांच्या पूर्वजांनी आधीच घेऊन ठेवली होती!

त्या वर्षीच्या संमेलनात रंगमंचावर तारपा नृत्य झाले नाही. ते समोरच्या मैदानात झाले. भात घरात आले होते. आजोबा स्वतः मध्ये उभे राहून वाजवीत होते. पाने नव्हती, पिसे नव्हती. मुले आपल्या नेहमीच्या कपड्यांत होती. प्रेक्षक खुर्च्या सोडून भोवती उभे राहिले. हे शाळेचे मैदान आहे, पाड्याचे अंगण नव्हे, एवढी कबुली आम्ही आरंभीच ध्वनिक्षेपकावरून देऊन टाकली. नाच सहा मिनिटांत संपला नाही. दोन भाषणे गाळावी लागली, आणि त्याबद्दल कोणी तक्रार केल्याचे आमच्या कानावर नाही. तो नववीचा मुलगा आता दहावीत होता. साखळीत तो कितवा होता हे आम्हांस सांगता येणार नाही, कारण त्याचे तोंड एकदाही आमच्याकडे वळले नाही.

सारांश, नृत्य पाहताना किंवा करताना तीन प्रश्न मनाशी विचारावेत. माझे अंग जे सांगत आहे ते मनात आहे काय? मी जे नाचत आहे त्याचा आजच्या दिवसाशी मेळ आहे काय? आणि ज्यांचे नृत्य मी घेतले आहे त्यांना ते ओळखू येईल काय? हे प्रश्न नृत्यापुरतेच आहेत असे नाही. निबंध लिहिताना, भाषण करताना, दुसऱ्याविषयी चार शब्द बोलतानाही ते लागू पडतात.

आणि त्या म्हणीविषयी एक शेवटची गोष्ट. अंगण वाकडे आहे अशी सबब पुढे करणारा मनुष्य बहुधा खोटा असतो, हे खरे. पण आमच्या त्या पहिल्या नाचाच्या वेळी मुलांना नाचता येत होते. अंगणच वाकडे होते, आणि ते आम्ही घातले होते.